गाडी गरम होतेय म्हणून लगेच हेड उतरवू नका : इंदूरच्या छोटी ग्वालटोलीतल्या टेस्टिंगवाल्या उस्तादांचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, रिव्ह्यू लांब आहे. गॅरेज चांगलं आहे एवढं लिहून भागत नाही, तिथे नक्की काय करतात ते सांगितल्याशिवाय आठशे रुपये नुसत्या "बघायचे" का दिले हे कुणालाच पटणार नाही, आमच्या घरीही पटलं नव्हतं. गॅरेजचं नाव टाकत नाहीये कारण उस्तादांनीच सांगितलंय, "भिया, नाम मत डालना, वैसेई गाड़ी खड़ी करने की जगे नी हे." छोटी ग्वालटोलीत पार्टच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत आहे, कुठल्याही पार्टवाल्याला गरम गाडीवाले उस्ताद विचारा, हात करून दाखवेल.

गाडी म्हणजे बाबांची जुनी पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, एक लिटर, हेड (इंजिनाचा वरचा भाग) अ‍ॅल्युमिनियमचं, वय विशीच्या पुढे. मॉडेल लिहीत नाही, लिहिलं की खाली लगेच कुठली कंपनी चांगली यावर भांडणं सुरू होतात, आणि इतक्या वर्षांनी रबर, प्लास्टिक, वॉल्व्ह म्हातारे होणारच, त्यात कंपनीचा काय दोष. तर त्रास असा होता की सकाळी थंडीत गाडी एकदम गुणी, तापमानाचा काटा खालीच. जवाहर मार्गावर संध्याकाळच्या जाममध्ये काटा हळूहळू पाऊण भागापर्यंत. आणि मंडलेश्वरहून आत्याकडून परत येताना जाम घाट चढायला लागलो की घाटमाथ्यावरचं जाम गेट यायच्या आत काटा लाल पट्टीला टेकलेला. एसी बंद, इंजिनाची उष्णता काढायला हीटर फुल, मे महिन्यात हीटर, मागे आई पदराने वारा घेतेय, असा सगळा प्रकार.

त्याआधी बऱ्याच ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा वॉल्व्ह) काढूनच टाकला, "इंदौर में इसकी जरूरत नी पड़ती" म्हणून. दुसऱ्याने पंख्याची मोटर बदलली आणि पाणी तापलं की पंखा चालू करणारा स्विच नको, रिले नको, पंखा डायरेक्ट करून दिला, चावी फिरवली की पंखा सुरू. एका ठिकाणी तर रेडिएटरमध्ये हळद टाकू का विचारलं, छोटा लीक असेल तर बंद होतो म्हणे. (होतो कधी कधी, ते खोटं नाही, पण लीकला हळद दिसते तशी रेडिएटरच्या बारीक नळ्यांनाही दिसते.) आणि शेवटी एका बऱ्यापैकी चकाचक ठिकाणी बॉनेट उघडून दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं हेड गॅस्केट (हेडच्या खालचं सील) गेलंय, हेड उतरवून फेसिंग, म्हणजे घासून सपाट, करावं लागेल, सोळा ते अठरा हजार धरून चला. गॅस्केट गेलंय हे कशावरून, विचारलं, तर "अनुभव है". अनुभव असेलच, पण अठरा हजार माझे होते.

मग आमच्या शेजारचे काका, ते स्वतः जुनी जीप बाळगून आहेत, ते म्हणाले की एकदा ग्वालटोलीत दाखव, तो माणूस पार्ट विकत नाही, फक्त शोधून देतो, आणि मग वाटलं तर काम कर नाहीतर गाडी घेऊन जा.

गेलो तर उस्तादांनी बॉनेटला हातच लावला नाही. खुर्चीवर बसवलं, छोटूला चहा सांगितला आणि प्रश्न सुरू. गरम कुठे होते, उभी असताना की पळताना की चढावर? जाममधून बाहेर पडून गाडीला जरा वारा लागला की काटा खाली येतो का? पाणी कमी होतं का, आणि होत असेल तर किती दिवसांत किती, जमिनीवर डाग दिसतो का? सकाळी बॉनेट उघडल्यावर वरचा होज (रेडिएटरचा रबरी पाइप) कधी चिपकलेला दिसलाय का? हीटर लावला तर गरम हवा येते की मधेच गार येते? गाडीत गोडसर वास, पायाखालचं कार्पेट ओलं? सायलेन्सरमधून पांढरा धूर, तोही गाडी गरम झाल्यावर? मला वाटलं होतं टाइमपास चाललाय, पण नंतर त्यांनी समजावलं तेव्हा कळलं की अर्धं काम तिथेच होतं. उभ्या गाडीत गरम होत असेल तर संशय पंख्यावर, कारण उभ्या गाडीला वारा फक्त पंखाच देतो. हायवेला वेगात गरम होत असेल तर वारा भरपूर आहे, म्हणजे पाणी फिरत नाहीये, रेडिएटर आतून चोंदलाय, वॉटर बॉडीचा पंखा झिजलाय नाहीतर खालचा होज ओढीने आत दबतोय. (वॉटर बॉडी म्हणजे वॉटर पंप, आमच्याकडे सगळे मिस्त्री बॉडीच म्हणतात.) आणि गाडी थंड चालू करून पाचेक मिनिटांतच होज दगडासारखा कडक होत असेल तर मात्र गॅस्केटचा संशय घ्यायचा, कारण पाणी तापायच्या आतच प्रेशर आलंय म्हणजे ते सिलिंडरमधून येतंय. आमच्या गाडीची लक्षणं यातल्या एकातही धड बसत नव्हती, त्यावर ते म्हणाले मग एक नाही, दोन-तीन बिमाऱ्या असतील. गाडी रात्रभर ठेवून घेतली. हे आधीच सांगून ठेवतो, गाडी रात्रभर ठेवावीच लागते, कारण पहिल्या टेस्ट एकदम थंड इंजिनावर होतात आणि गरम रेडिएटरचं झाकण ते कुणालाच उघडू देत नाहीत.

सकाळी दहाला गेलो. झाकण उघडलं, आतलं पाणी चहाच्या रंगाचं. त्यांनी रेडिएटरच्या तोंडावर हातपंप असलेलं गेज बसवलं आणि झाकणावर लिहिलेल्या प्रेशरपर्यंत, म्हणजे ०.९ बारपर्यंत हवा भरली. काटा जागचा हलला नाही. म्हणजे होज, बॉडी, हीटर कोअर, बाहेर कुठेही लीक नाही. मग तेच गेज झाकणावर लावलं, आणि इथे पहिला चोर सापडला, झाकण ०.९ ला सुटायला पाहिजे ते अर्ध्यातच फुस्स करून सुटलं. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू आहे म्हणून कुणी बघत नाही, पण हिशोब बघा, इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, इथे उघडं पाणी ९८ डिग्रीच्या आसपासच उकळतं. चांगलं झाकण ०.९ चं प्रेशर धरतं तेव्हा तेच पाणी ११७-११८ पर्यंत उकळत नाही. अर्ध्यात सुटणारं झाकण असलं की ११० च्या आतच उकळी. म्हणजे घाटात जेव्हा हातात थोडी जागा लागते नेमकी तेव्हाच ती नसते. त्यात झाकणाला खाली एक छोटा उलटा वॉल्व्हही असतो, गाडी थंड झाल्यावर तो रेडिएटरशेजारच्या बाटलीत गेलेलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढू देतो, तो आमचा गंजून बसला होता. म्हणून पाणी बाटलीत जायचं, बाटली भरून वाहायची, परत यायचंच नाही, आणि सकाळी होज चिपकलेला. मी होज खराब आहे समजून नवा घ्यायच्या तयारीत होतो, उस्ताद म्हणाले होज बिचारा शिक्षा भोगतोय, गुन्हा झाकणाचा.

मग गॅस्केटची टेस्ट, ज्यासाठी खरं तर मी गेलो होतो. रेडिएटरमधून थोडं पाणी काढून पातळी खाली आणली, झाकण न लावताच गाडी गरम केली, आणि तोंडावर एक काचेची नळी बसवली, तिच्यात निळा द्रव. वरच्या रबरी फुग्याने रेडिएटरमधली हवा त्या द्रवातून ओढायची. सिलिंडरमधला जळलेला गॅस पाण्यात येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निळा रंग पिवळा होतो. पातळी खाली का आणली विचारलं तर म्हणाले नळीत कूलंट ओढलं गेलं की टेस्ट बाद, खोटा रंग दिसतो. छोटू बराच वेळ फुगा दाबत होता, मी डोळे लावून बसलो होतो, निळा तो निळाच. उस्तादांनी ऑइलची कॅप काढून आतला भाग दाखवला, दुधासारखं काही नाही, तरी पण त्यावर ते फार विसंबत नाहीत, कारण थंडीत छोट्या छोट्या चकरा मारणाऱ्या गाडीच्या कॅपखाली नुसत्या वाफेनेही पांढरं साचतं आणि लोक घाबरून हेड उतरवून बसतात. थोडक्यात अठरा हजार वाचले, तेही अनुभवाने नाही, निळ्या पाण्याने.

आता पंखा. हा भाग मी सगळ्यांना तोंडी सांगत फिरतोय. पंखा फिरत होता, मस्त जोरात फिरत होता, आवाजही छान. सगळ्यांनी बघितला आणि ओके म्हटलं. उस्तादांनी नईदुनियाचं अर्धं पान फाडून ग्रिलच्या आत, जाळीसमोर धरलं. पंखा बरोबर असेल तर तो पुढून हवा आत खेचतो आणि कागद जाळीला चिकटून बसतो. आमचा कागद उडून उस्तादांच्या तोंडावर आला. मोटर बदलताना दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या! पंखा उलटा फिरून इंजिनाकडची गरम हवा पुढे ढकलत होता. गाडी उभी असताना उलटी का होईना थोडी हवा हलते म्हणून जाममध्ये काटा पाऊण भागावरच थांबायचा, पण घाटात दुसऱ्या गिअरमध्ये पंचवीस-तीसच्या स्पीडने चढताना पुढून येणारा वारा आणि पंखा एकमेकांना धरून उभे, मधून काहीच जात नाही. आणि पंखा डायरेक्ट असल्यामुळे हे चावी फिरवल्यापासून सतत चालू. दोन वायरी अदलाबदल केल्या, स्विच आणि रिले पुन्हा जागेवर घातले, कागद टप्पकन चिकटला. एवढंच.

तिसरी गोष्ट खास आपल्या भागातली. एसीची जाळी पुढे असते आणि रेडिएटर तिच्या मागे, मधे बोटभर फट. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. उस्तादांनी वरचे बोल्ट सैल करून जाळी पुढे झुकवली आणि फटीत टॉर्च मारला, आत करड्या रंगाची गोधडी! सोयाबीनचा भुसा, गव्हाचा भुसा, निमाडातला कापूस, किडे, धूळ, सगळं तेलकट होऊन थापून बसलेलं. ऑक्टोबरमध्ये रस्त्याच्या कडेला थ्रेशर चालतात आणि आपण त्या धुरळ्यातून काचा वर करून जातो, पण गाडी तो सगळा नाकाने ओढत असते. छोटूने तो थर हाताने सोलून काढला, मग इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने साध्या नळीने पाणी मारलं. प्रेशर वॉशर नाही, त्याने जाळीच्या पातळ पत्र्या आडव्या होतात आणि मग वारा कायमचा बंद. सर्व्हिसिंगला गाडी धुणाऱ्या पोरांना हे एकदा सांगून बघा, वेड्यासारखे बघतात.

मी विचारलं, रेडिएटर नवाच टाकून देता का आता. उस्तादांनी बंदुकीसारखं थर्मामीटर काढलं आणि गरम गाडीच्या रेडिएटरवर आडवं उभं फिरवलं. नळ्या चोंदल्या असतील तर मधेच थंड पट्टे सापडतात. तापमान एका बाजूकडून दुसरीकडे हळूहळू उतरत गेलं, मधे कुठेही थंड जागा नाही. "चलने दो अभी," विषय संपला. एक बारकाई आवडली, इंजिनाच्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ते बंदूक तशीच धरत नाहीत, आधी काळ्या टेपचा तुकडा चिकटवतात आणि टेपवर मोजतात, कारण चमकणाऱ्या धातूवर ती कमी तापमान दाखवते. ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळणारी बंदूक घेऊन जे घरी मोजतात आणि "माझं इंजिन तर साठच दाखवतंय" म्हणतात त्यांनी हे करून बघा. त्याच टेपवर त्यांनी डॅशबोर्डचा काटाही पडताळला, काटा खरा बोलत होता. नाहीतर कधी कधी सेन्सरची अर्थिंग खराब असते आणि थंड गाडी गरम दिसते. एक छोटी चक्कर मारून आल्यावर चारही चाकांना हात लावून बघितलं, ब्रेक धरून ठेवत असेल तरी इंजिनावर लोड येतो आणि गाडी तापते.

राहिला थर्मोस्टॅट. काढलाय हे मी सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं, थंड गाडी चालू करून नुसता वरच्या होजवर हात ठेवून. थर्मोस्टॅट असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि मग ८२ च्या आसपास तो उघडला की एकदम गरम होतो. आमचा पहिल्या मिनिटापासून कोमट होत होता. गरम प्रदेशात थर्मोस्टॅट कशाला, हे इंदुरात इतके लोक म्हणतात की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. पण बाहेर ४२ डिग्री असो की १०, इंजिनाला आतून ८०-९० च पाहिजे असतं. थर्मोस्टॅट काढला की सकाळी गाडी थंडच राहते, कॉम्प्युटर तिला थंड समजून पेट्रोल जास्त पाजतो, अ‍ॅव्हरेज पडतं, ऑइल घाण होतं. आणि काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंदही करतो, तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते. नवा थर्मोस्टॅट बसवायच्या आधी त्यांनी तो पातेल्यात पाण्यात टाकून गॅसवर ठेवला, थर्मामीटर धरून उघडताना दाखवला. नवीन पार्टही बंद निघू शकतो म्हणे. पार्ट मी समोरच्या दुकानातून आणला होता, त्यांनी कमिशन घेतलं नाही, कोणत्या दुकानातून घ्यावा हेही सांगितलं नाही.

पाण्याबद्दल ते चिडतात. बोरिंगचं पाणी रेडिएटरमध्ये टाकणाऱ्याला ते तोंडावर बोलतात, क्षार आत जमतात, किटलीच्या तळाला जमतो तसा थर वॉटर जॅकेटच्या (इंजिनातल्या पाण्याच्या वाटांच्या) आत, आणि गंजाने बॉडीची पाती खाल्ली जातात. मग नर्मदेचं चालेल का विचारलं, तर हसले. १९७८ पासून जलूदहून एवढ्या उंचीवर पंप करून आणलेलं पाणी आहे, ते प्यायला ठेवा, गाडीत डिस्टिल्ड टाका. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं. इंदुरात बर्फ कुठे पडतो मग कूलंट कशाला, हा माझ्या बाबांचा आवडता प्रश्न, त्यांना उत्तर मिळालं की इथे ते गंजासाठी आणि उकळी लांबवण्यासाठी असतं. नुसतं कूलंट पाणी न मिसळता भरणं पण चूक, पाणी जास्त उष्णता वाहतं. भरताना पुढची चाकं रॅम्पवर चढवली, हीटर उघडा ठेवला आणि बुडबुडे बंद होईपर्यंत झाकण लावलं नाही, हवा अडकली तर सगळ्या मेहनतीवर पाणी.

बिल : तपासणीचे आठशे, बाकी मजुरी, झाकण, थर्मोस्टॅट, त्याची रिंग, कूलंट धरून सगळं चार हजारांच्या आत. त्यानंतर मे मध्येच दुपारी जाम घाट चढलो, चार माणसं, एसी चालू, काटा अर्ध्याच्या किंचित वर जाऊन तिथेच उभा. अ‍ॅव्हरेजही सुधारलं.

तक्रारी आहेतच. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात, त्यामुळे ज्यांना ऑफिसात क्लेम करायचंय त्यांनी जाऊ नका. फोन उचलत नाहीत, उचलला तर "आ जाओ" एवढंच. बसायला एकच खुर्ची, ती पण पहिल्या गिऱ्हाइकाची. बायका-पोरं घेऊन जायची जागा नाही. रात्री गाडी गल्लीत उभी असते, शेडमध्ये नाही, आत काही किमती ठेवू नका. घाई असलेल्या माणसाशी ते तुसडेपणाने वागतात, माझ्यासमोर एकाला परत पाठवलं कारण तो सारखं "बस कूलंट टॉप अप करून द्या" म्हणत होता. आणि टर्बो डिझेल, नव्या सेन्सरवाल्या गाड्या घेत नाहीत, सरळ सांगतात माझ्याकडे मशीन नाही. हे मला तरी प्लस पॉइंटच वाटतो.

आठशे रुपये काम करा न करा द्यावेच लागतात, हे आधी मान्य असेल तरच जा. जाताना जुने बदललेले पार्ट असतील तर सोबत न्या, ते बघून त्यांना बरंच कळतं, आणि आधीच्या मिस्त्रीने काय काय केलं ते न लाजता सांगा. संध्याकाळी सातच्या आत गाडी सोडायची, सकाळी दहाला परत हजर व्हायचं, शुक्रवारी दुपारी एक ते तीन बंद असतं. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या खुर्चीचा कापला.